‘दोन महिन्यांचं, ट्रेन केलेलं’ म्हणून गळ्यात मारलेलं पिल्लू

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात कुणी कुत्र्याचं पिल्लू घ्यायच्या विचारात असाल, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. आम्हाला जातीत फसवलं नाही. लॅब्रॅडॉर सांगितलं आणि लॅब्रॅडॉरच दिलं. फसवलं ते वयात. आणि वय झाकायला ‘शी-शूचं ट्रेनिंग झालंय’ ही थाप मारली, वर त्या ट्रेनिंगचे वेगळे पैसेही घेतले.

आम्ही वडगावात राहतो. जुनं घर, पुढं सोपा, मागं परसू. भाऊ आणि मी कामावर गेलो की घरात आई एकटी, आणि तिचे गुडघे दुखतात. सारखं वाकून फरशी पुसणं तिला जमणार नाही. म्हणून जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला तेव्हा मी पहिलंच विचारलं, की पिल्लू घरात घाण करेल का. त्या माणसानं तेवढं वाक्य बरोबर पकडलं. ‘‘ताई, काळजीच सोडा. दोन महिने पूर्ण झालेत. पेपर टाकला की पेपरवरच जातंय. तुमच्या आईंना काडीचा त्रास नाही बघा.’’ पिल्लाचे १२,००० आणि ट्रेनिंगचे २,०००. अर्धे आधी फोन पे, उरलेले पिल्लू हातात आल्यावर. सोबत व्हिडिओ पाठवला. निळसर फरशी, मधे वर्तमानपत्र, कोपऱ्यात स्टीलची वाटी. पिल्लू पेपरवर येतं, दोनदा हुंगतं आणि बसून शू करतं.

घरी येऊन पिल्लाची आई बघतो म्हटलं तर नको म्हणाला. ‘‘पार्वोची साथ आहे, बाहेरच्या चपला आम्ही आत येऊ देत नाही.’’ कारण ऐकायला इतकं चोख की आम्हाला तो काळजी घेणारा माणूस वाटला. पार्वो हा पिल्लांचा जीवघेणा रोग, त्याचा विषाणू चपलेवरून, कपड्यांवरून येतो हे खरंच आहे, आणि अशा अर्ध्या खऱ्या गोष्टींवरच ही माणसं धंदा चालवतात. कोगनोळीच्या पुढं, महामार्गावरच्या एका धाब्याजवळ बोलावलं. खोक्यात टॉवेल, टॉवेलात पिल्लू, वर लसीकरणाचं कार्ड. उरलेले पैसे घेतले आणि गाडी वळवून गेला.

घरी आणून सोप्यात ठेवलं तर ते धड चालेना. मागचे पाय फाकायचे, चार पावलांवर बुड टेकायचं. त्या रात्री ते थंडीनं कुडकुडत कण्हत होतं. आई गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या पोटाशी लावून बसली. ‘‘अगं, हे अंगावरचं पोर आहे की. एवढ्याशाला आईपासनं तोडलंय ग त्यांनी,’’ ती म्हणाली. तिनं म्हशी सांभाळलेल्या आहेत, तिला एका नजरेत कळलं. पेपरचं म्हणाल तर पेपर, चटई, अंथरूण, सगळं त्या पिल्लाला सारखंच होतं. जिथं असेल तिथं व्हायचं, तेही पातळ, कारण ‘गाईचं दूध पाजा’ असं विकणाऱ्यानंच सांगितलं होतं. गाईच्या दुधानं इतक्या लहान पिल्लांना हगवण लागते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टर कन्नड, पण मराठी आमच्यासारखीच बोलणारे. त्यांनी कार्डाकडं बघितलंच नाही, आधी पिल्लाचं तोंड उघडलं आणि मला जवळ बोलावलं. वरचे पुढचे दात म्हणजे हिरडीतून नुकती वर आलेली पांढरी टोकं. सुळे थोडे जास्त बाहेर आलेले. मागं दाढांच्या जागी बोट फिरवलं तर नुसती मऊ हिरडी. दोन महिन्यांच्या पिल्लाच्या तोंडात दुधाचे २८ दात जवळपास सगळे आलेले असतात. सुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून फुटतात, पुढचे दात त्याच्या मागोमाग, दाढा त्यानंतर. ‘‘हे फार तर महिन्याचं आहे,’’ डॉक्टर म्हणाले. पोट फुगलेलं होतं ते जंतांनी. आईच्या पोटात असतानाच पिल्लांना जंत लागतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी औषध द्यावं लागतं. याला एकदाही दिलेलं नव्हतं.

मग कार्ड. लस टोचली की डॉक्टर कुपीवरचं लेबल सोलून कार्डावर चिकटवतात. त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते, शेजारी सही आणि नोंदणी क्रमांक. आमच्या कार्डावर लेबलाची रंगीत झेरॉक्स कापून डिंकानं लावली होती. नखानं कड उचलली तर खाली साधा कागद. सही होती, नोंदणी क्रमांक नव्हता. पहिली लस ‘४५ व्या दिवशी’ टोचल्याची नोंद होती. खऱ्या वयावरून मागं मोजलं तर त्या तारखेला पिल्लू जेमतेम पंधरा दिवसांचं भरत होतं. कुत्र्याच्या पिल्लाचे डोळेच दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. नुकते डोळे उघडलेल्या जिवाला कुणी लस टोचत नाही. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान असते, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांपर्यंत, आणि रेबीजची तिसऱ्या महिन्यात.

आता त्या व्हिडिओचं. पिल्लू झोपेतून उठलं की लगेच शू करतं, खाल्लं की थोड्याच वेळात शी करतं. शिकवलं असो वा नसो. गाढ झोपलेलं पिल्लू उचलायचं, पेपरच्या कडेला ठेवायचं आणि कॅमेरा चालू करायचा, बस. शिवाय तीन आठवड्यांनंतर पिल्लं आपणहून झोपायच्या जागेपासून थोडं लांब जाऊन करायला लागतात. निसर्गानं दिलेली ही सवय ‘आमचं ट्रेनिंग’ म्हणून विकली जाते. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू शी-शूला तयार झालंय असं कुणी म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय. त्या वयात लघवी धरून ठेवायची ताकदच अंगात नसते. दोन महिन्यांचं पिल्लू जागेपणी दोन-तीन तासांच्या वर थांबू शकत नाही, आणि भरवसा ठेवावा अशी सवय लागायला चार ते सहा महिन्यांचं वय उजाडतं.

इतक्या लवकर का विकतात तेही डॉक्टरांनी सांगितलं. महिन्याच्या सुमाराला आईचं दूध कमी पडायला लागतं. तिथून पुढं प्रत्येक पिल्लाला दिवसातून चार वेळा खाणं, जंताचं औषध, पहिली लस, सगळा खर्च विकणाऱ्याच्या अंगावर येतो. त्यातून पार्वो घुसला तर अख्खी वेत जाते. चार आठवडे आधी विकलं की खर्चही गिऱ्हाइकाचा आणि मेलं तरी गिऱ्हाइकाचं. त्यात पिल्लाचं काय होतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. भावंडांत खेळताना ती एकमेकांना चावतात, दुसरं ओरडलं की सोडतात, त्यातूनच जोरात चावायचं नाही हे त्यांना कळतं. आमच्या चिंगीला, म्हणजे या पिल्लाला, हे शिकायलाच मिळालं नाही. आईच्या हातावर कितीतरी दिवस तिच्या दातांचे ओरखडे होते. आणि ज्या खोक्यात ती आधी ठेवली होती त्याच्या तळाला वाळलेल्या शीचे थर होते. घाणीतच झोपायला लावलेल्या पिल्लाची ती लांब जाऊन करायची सवयही मोडते, मग घरात शिकवणं आणखी अवघड होतं. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे.

मी फोन केला तेव्हा तो माणूस डगमगला नाही. ‘‘घर नवीन आहे म्हणून होतंय. आमचा स्प्रे घ्या, मारला की तिथंच जाईल.’’ ६५० रुपये. भावानं मागवला. विनालेबलची बाटली, पिवळट पाणी, टोपण काढल्याबरोबर मोरीसारखा अमोनियाचा उग्र वास. लघवीलाही तसाच वास असल्यामुळं पिल्लू त्याकडं जातंही, पण मग सोप्यात जिथं स्प्रे मारला त्याच कोपऱ्यात ते जायला लागतं. वर सल्ला दिला, ‘‘नाक घासा शीत, दोन फटके द्या, दोन दिवसांत सुतासारखं.’’ असं कुणीही सांगितलं तरी करू नका, शेजारच्या काकूंनी सांगितलं तरीही. मार खाल्लेलं पिल्लू आपल्यासमोर शू करायला भिऊ लागतं, मग कपाटामागं, पलंगाखाली जाऊन करतं, आणि परसात नेऊन उभं केलं तरी तुमच्यासमोर करत नाही.

खरी पद्धत फुकटची आहे, वेळ मात्र मागते. चिंगी दोन महिन्यांची होईपर्यंत आम्ही शिकवायचं नावच काढलं नाही. नुसती ऊब, डॉक्टरांनी सांगितलेलं पिल्लांचं खाणं आणि स्वच्छ जागा. त्यानंतर उठली की, खाल्लं की, खेळून झालं की उचलून परसात. बाहेर पावसाची झड लागलेली, त्यामुळं पत्र्याखालचा एकच कोपरा ठरवला आणि रोज तिथंच. केल्या केल्या तिथल्या तिथं खाऊचा तुकडा. घरात येऊन दिला तर तिला वाटणार की आत आल्याबद्दल मिळाला. लसीचे डोस पूर्ण व्हायच्या आधी गल्लीत नेलं नाही, कारण पार्वोचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. आमच्या परसाला भिंत आहे, भटकी कुत्री येत नाहीत, म्हणून ते चाललं. घरात झालं तर बोलायचं नाही, पुसायचं. फिनेलनं आपल्याला वास येत नाही, पण कुत्र्याला येतो, आणि अमोनिया असलेलं काही तर वापरूच नये. एन्झाइमवालं क्लीनर पेट शॉपमध्ये मिळतं, ते आणलं. आई खुर्चीवर बसून घड्याळ बघायची आणि ‘चल ग बाई’ म्हणून हाक मारायची. आता चिंगी स्वतः परसाच्या दाराशी जाऊन उभी राहते.

कायद्याचं सांगते, कारण सीमाभागात इथंच लोक गप्प बसतात. पैसे परत मागितले तेव्हा तो म्हणाला, ‘‘तुम्ही कर्नाटकात, आम्ही महाराष्ट्रात. जा कुठं जायचं तिथं.’’ त्याचं हे बोलणंही खोटंच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे विकणारा कोल्हापूर जिल्ह्यातला असला तरी तक्रार बेळगावात चालते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे घेऊन पिल्लूच दिलं नाही, असा ऑनलाइन प्रकार असेल तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात. पोलिसांत हद्दीचा प्रश्न काढला तर झीरो एफआयआर मागा, तो कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो.

कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल केंद्राचे २०१७ चे नियम आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला त्यात मनाई आहे. पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी केलेली असली पाहिजे आणि पिल्लू लस देऊनच विकलं पाहिजे. नोंदणी क्रमांक विचारा. जो आढेवेढे घेतो त्याच्याकडं जाऊ नका.

पुराव्याचं एक फार महत्त्वाचं. पिल्लाचं वय डॉक्टरांकडून लेखी घ्या आणि तोंड उघडून दातांचे फोटो काढा, तेही पिल्लू आणल्या आणल्या. चार आठवड्यांत बाकीचे दात येतात, मग ते आणलं तेव्हा केवढं होतं हे कुणालाच सिद्ध करता येत नाही, आणि विकणारा त्याच वेळेची वाट बघत ‘थांबा, होईल नीट’ म्हणत राहतो. आमच्याकडं डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र आहे, त्यामुळं कागद कन्नडमध्ये की मराठीत हा प्रश्नही आला नाही. त्यासोबत चॅट, व्हिडिओ, पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि ते कार्ड जोडून तक्रार दिली आहे.

पिल्लू बघायला जाल तेव्हा त्याची आई आणि भावंडं एकत्र बघायला मागा. जाता येत नसेल तर चालू व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा, आधी काढलेला व्हिडिओ नको. पिल्लू हातात घ्यायच्या आधी ओठ वर करून दाढा बघा. मग पैसे.

तो माणूस थांबलेला नाही. परवा भावाच्या मित्राला निपाणीहून एक जाहिरात आली. नंबर वेगळा, नाव वेगळं, पण निळसर फरशी, मधे पेपर आणि कोपऱ्यात स्टीलची वाटी असलेला तोच व्हिडिओ. आम्ही तो नवा नंबरही तक्रारीत घातला आहे. तुमच्याकडं हा व्हिडिओ आला तर पुसू नका. नंबर आणि तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि त्याच्याकडून आधीच पिल्लू आणलं असेल तर आजच त्याला डॉक्टरांकडं न्या.