एक्स दुसऱ्या स्टेटमध्ये गेला तर चाइल्ड सपोर्ट ऑफिस कितपत कामाचं? माझे ५ पैकी ३ स्टार

अमेरिकेत घटस्फोट झालाय, एक्स दुसऱ्या स्टेटमध्ये निघून गेलाय आणि पोरांचे पैसे यायचे बंद झालेत, अशांसाठी लिहितेय. प्रत्येक स्टेटचं सरकारी चाइल्ड सपोर्ट ऑफिस असतं, माझं कुठलं ते सांगत नाही कारण केस अजून चालू आहे.

आधी चांगलं सांगते. फी नावालाच, वेल्फेअर म्हणजे गरिबांसाठीची सरकारी मदत कधी घेतली नसेल तर वर्षाची वसुली ५५० डॉलरवर गेली की ३५ डॉलर, आणि काही स्टेट्स तेही मागत नाहीत. समोरचा पगारदार असेल तर सिस्टीम खरंच भारी आहे. नवीन माणूस घेतला की कंपनीला २० दिवसांत सरकारला कळवावं लागतं, ते नाव फेडरल म्हणजे केंद्र सरकारच्या डेटाबेसमध्ये जातं आणि तिथून आपल्या ऑफिसला मॅच येतो. युइफ्सा नावाचा कायदा १९९६ नंतर सगळ्या स्टेट्सना करावाच लागला, त्यामुळे पगारातून पैसे कापायची ऑर्डर दुसऱ्या स्टेटमधल्या कंपनीला थेट पाठवता येते, तिकडच्या कोर्टात जायचं कामच नाही. केसवर्करकडे हेच मागा, नाहीतर ती बाई सवयीने दोन स्टेट्सची केस उघडते, म्हणजे काम तिकडच्या ऑफिसकडे सोपवते, आणि मग बसा.

माझं तेच झालं. एक्स स्वतःचा धंदा करतो म्हणजे कापायला पगारच नाही, म्हणून केस तिकडच्या ऑफिसला गेली. आता इकडे फोन केला की म्हणतात तिकडून उत्तर आलं नाही, तिकडे केला तर म्हणतात तुमच्या ऑफिसमार्फत या. होल्डवरचं म्युझिक मला पाठ झालंय.

सगळे सांगतात फेडरलकडे जा. अहो, वॉशिंग्टनचं ऑफिस कुणाची केस हातात घेत नाही, ते नियम करतं आणि ते पाळायच्या अटीवर स्टेटच्या खर्चातले ६६ टक्के देतं, बाकी काम स्टेटचं. कॅन्ससने या अटींविरुद्ध कोर्टात भांडून पाहिलं, २००० साली अपील कोर्ट म्हणालं पैसे घेता तर अटीही पाळा. बरं, ऑफिस अटी पाळत नाही म्हणून आपण केस करावी तर ॲरिझोनाच्या पाच आयांनी तेच केलं होतं, १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की स्टेटने एकूण कायदा नीट पाळावा असा हक्क एकेका आईला मिळत नाही. म्हणजे पैसे देणारा एक, काम करणारा दुसरा, आणि आपण मध्ये लोंबकळत!

फेडरल गुन्हा आहे, नाही असं नाही. मूल दुसऱ्या स्टेटमध्ये असताना मुद्दाम वर्षभर पैसे दिले नाहीत किंवा थकबाकी ५००० डॉलरवर गेली तर खटला होऊ शकतो, पण तो लावायचा की नाही हे सरकारी वकील ठरवणार, आपण नाही.

थकबाकी २५०० डॉलरच्या वर गेली की पासपोर्ट अडतो, हे हत्यार मस्त आहे, पण फक्त अमेरिकन पासपोर्टवर चालतं. आपल्यातले बरेच एच-वनवर, भारतीय पासपोर्टवाले, त्यांना काही फरक पडत नाही. आणि तो पुण्याला परत गेला तर हे ऑफिस जवळपास संपलंच, कारण भारत चाइल्ड सपोर्टच्या हेग करारात नाही आणि अमेरिकेशी वेगळा करारही नाही, तिकडे वकील धरून नव्याने लढावं लागतं.

एक गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही. ज्या स्टेटने ऑर्डर दिली तिथे तुम्ही, मूल किंवा तो, कुणीतरी एक राहत असेल तोवर रक्कम बदलायचा अधिकार सहसा त्याच स्टेटकडे राहतो. सगळेच बाहेर पडलात आणि वाढवून हवी असेल तर साधारणपणे त्याच्या स्टेटमध्ये जाऊन मागावी लागते. मला दुसरीकडे बरी नोकरी मिळत होती, सध्या नाही म्हणून सांगितलंय.