आजीसाठी इंग्रजी शब्द शोधताना विक्शनरी किती कामाची?

मराठी कथेतली ‘थेरडी’ इंग्रजीत न्यायची असो, की इंग्रजी मालिकेतली ‘ओल्ड बॅट’ सबटायटलसाठी मराठीत आणायची असो, छोटे शब्दकोश इथे हात टेकतात. ग्रॅनी म्हणजे आजी, हॅग म्हणजे म्हातारी, एवढ्यावर ते भागवतात. डिसेंबर २००२ पासून चालू असलेली इंग्रजी विक्शनरी, म्हणजे इंटरनेटवरचा शब्दकोश, या कामाला मनापासून सुचवावी अशी आहे, तीही फुकट. पण तिची जी सोय सगळ्यात आधी मोहात पाडते, तीच दगा देते.

ती सोय म्हणजे तिचा थिसॉरस. समानार्थी शब्दांची भली मोठी यादी एका जागी मिळते आणि वाटतं, झालं काम. पण एका रांगेत बसलेले हे शब्द एका तोंडचे नसतात. ‘ओल्ड डिअर’मध्ये माया आहे, थोडी कीवही आहे. ‘ओल्ड बॅग’ ही सरळ शिवी. ‘बॅटल-ॲक्स’ला वयापेक्षा तोंडाचा पट्टा महत्त्वाचा, म्हणून ती मराठीत ‘कजाग’ होईल. यादीत प्रत्येक शब्दापुढे छटा दिलेली असतेच असं नाही, तेव्हा तिथून शब्द उचलून थेट वाक्यात बसवू नका. त्या शब्दाच्या पानावर जा.

पानावर आधी ‘इंग्लिश’ हे शीर्षक गाठायचं, कारण एकाच स्पेलिंगखाली बऱ्याच भाषा नांदतात. मग व्युत्पत्तीचा क्रमांक बघायचा: ‘नॅन’चं स्पेलिंग आजीचं तसं तंदुरी नानचंही आहे. अर्थाच्या आधी कंसात तिरप्या अक्षरांत जे लिहिलेलं असतं (अनौपचारिक, हेटाळणीचा, जुना, ब्रिटिश) ते अर्थाइतकंच महत्त्वाचं. घाईत नेमकं तेच वाचायचं राहतं.

प्रदेशाची नोंद तर सोडूच नका. नॅन आणि नॅना ब्रिटनच्या घरांतल्या. मीमॉ, मॅमॉ अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या. वेल्समध्ये उत्तरेला ‘नाइन’, दक्षिणेला ‘मॅमगी’. मराठीत आणताना सगळ्या ‘आजी’च होतात, पण उलट दिशेने जाताना आधी पात्राचं गाव ठरवावं लागतं. आणि ‘नॅना’ देवनागरीत लिहिताना जपून: आपल्याकडे नाना हा बाप्या माणूस, हिंदीत तर आईचे वडील.

व्युत्पत्तीचा भाग हे या कोशाचं खरं वैभव. ‘क्रोन’च्या मुळाशी जुन्या उत्तर फ्रेंचमधला मढं या अर्थाचा शब्द आहे. ‘बेल्डम’चा अर्थ एके काळी आजी असाच होता, पुढे घसरत घसरत तो कुरूप, दुष्ट म्हातारीवर आला. हे वाचलं की शब्दातलं विष कुठून आलं ते कळतं आणि मराठी प्रतिशब्दाची धार ठरवता येते.

कमी पडते ती संबोधनात. बसमध्ये अनोळखी बाईंना ‘आजी, इथे बसा’ म्हणणं हा आपल्याकडे आदर. इंग्रजीत परक्या बाईंना ‘ग्रॅनी’ म्हटलं तर त्यांना हिणवल्यासारखं वाटू शकतं. शब्द कुणाच्या तोंडावर म्हणावा की नाही, हे नुसत्या अर्थावरून कळत नाही. परदेशात वृद्धांच्या शुश्रूषेचं काम करणाऱ्यांनी तर ‘आपल्याला काय म्हणू?’ असं विचारूनच घ्यावं.

विक्शनरी कुणीही संपादित करू शकतं, म्हणून अपमानकारक शब्द केंब्रिज किंवा ऑक्सफर्डच्या विद्यार्थी कोशातही तपासा. दोघांत मतभेद दिसला तर ज्याच्या कंसातली छटा जास्त कडक, ती खरी धरा. भाषांतराच्या रकान्यातला एकटा मराठी शब्द मात्र अंतिम मानू नका. ‘थेरडी’ रूपावरून म्हटलं असेल तर ‘ओल्ड हॅग’ जवळचा, सततच्या कटकटीवरून असेल तर ‘ओल्ड बॅग’. आणि नातू लाडाने ‘म्हातारे’ म्हणत असेल, तर ‘ओल्ड गर्ल’ चालून जाईल.