गुगल फोटोजने १९३७ च्या फोटोतली मुलगी शोधून दिली, माझा अनुभव

आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत दीडेकशे फोटो निघाले. त्यात एक पुठ्ठ्यावर चिकटवलेला मोठा ग्रुप फोटो, वाड्याच्या अंगणातला, एकतीस माणसं, आणि त्यातली जेमतेम नऊ आज आमच्याकडे कोणाला ओळखता येतात. मागच्या रांगेत पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी आहे, नऊवारीत, थेट कॅमेऱ्याकडे बघतेय. बाबा छातीठोकपणे म्हणाले, ही काकू.

पुठ्ठ्याच्या मागे मोडीत एक ओळ होती. फेसबुकवर मोडी वाचणाऱ्यांच्या एका ग्रुपमधे टाकली तर संध्याकाळपर्यंत कोणीतरी वाचून दिली, मुक्काम मिरज, वैशाख शके १८५९. शकात ७८ मिळवले की इसवी सन, म्हणजे १९३७. काकू लग्न होऊन घरात आली १९४४ ला, त्यामुळे काकू बाद. मग ही कोण?

आता गुगल फोटोजबद्दल. सेटिंगमधे फेस ग्रुप चालू करायचं, मग ते सारखे दिसणारे चेहरे आपोआप एकत्र करतं आणि शंका असेल तिथे विचारतं, ही तीच व्यक्ती की वेगळी. मी ट्रंकेतले सगळे फोटो चढवले आणि दोन दिवस काहीच बघितलं नाही, त्याला वेळ लागतो. तिसऱ्या दिवशी त्याने मला शेजारी शेजारी दोन चेहरे दाखवले, ती १९३७ ची मुलगी आणि बाबांच्या १९५८ च्या मुंजीतली चष्मा लावलेली बाई. ती बाई म्हणजे बाबांची इंदूरची आत्या, बाबा तिच्याच शेजारी मुंडावळ्या बांधून बसलेत. बाबांना पटेना. त्यांनी आत्या बघितली ती चष्म्यातली, थोराड, त्या आधीची कशी आठवणार.

इंदूरला आत्याची मुलगी आहे, आमची माईआत्या, वय चौऱ्याऐंशी. व्हिडिओ कॉल लावला, फोटो दाखवला, तिने विचारलं, "हनुवटीवर गोंदण दिसतंय का रे? माझ्या आईच्या हनुवटीवर तीन ठिपके होते." मी झूम केलं. तीन ठिपके, अगदी बारीक. माईआत्या बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, आईचा लग्नाआधीचा फोटो मी आयुष्यात पहिल्यांदा बघतेय.

आणि हे ठिपके दिसले कारण स्कॅन दुसऱ्यांदा केला होता. आधी एका दुकानात दिलं होतं, त्यांनी २०० डीपीआयला (डीपीआय म्हणजे एका इंचात किती बिंदू टिपायचे ते माप) स्कॅन करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, त्यात हनुवटी कोरी. ग्रुप फोटोत एकेक चेहरा नखाएवढा असतो, त्याला निदान ६०० डीपीआय पाहिजेच, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचा झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर फोटो दाबला जातो. तसंच जुने फोटो रंगीत आणि शार्प करणारं एक अ‍ॅप वापरून बघितलं, चेहरा फार सुंदर आला पण गोंदण गायब, म्हणजे ज्या खुणेवरून माणूस ओळखायचा तीच पुसली! त्यामुळे ओळख पटवायची असेल तेव्हा मूळ स्कॅनच बघा, रंग नंतर भरा.

चेहरा बाजूला वळलेला, पदराआड किंवा हललेला असेल तर गुगल फोटोजकडून फार अपेक्षा ठेवू नका. सख्ख्या बहिणी किंवा मायलेकी एकात मिसळणं कुठल्याही अशा सॉफ्टवेअरमधे होऊ शकतं म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाने हो म्हटल्याशिवाय मी नाव लिहीत नाही. इमेज सर्चचा इथे उपयोग नाही, तो नेटवर असलेलं शोधतो आणि आपल्या ट्रंकेतला फोटो नेटवर नसतोच. गुगलची फुकट जागा १५ जीबी, त्यात जीमेल आणि ड्राइव्हही आलं, आणि १ जून २०२१ पासून चढवलेला प्रत्येक फोटो त्यात मोजला जातो, मोठे स्कॅन असतील तर हिशोब ठेवा. अजून एक, तिथे दिलेली नावं फक्त आपल्याच अकाउंटमधे दिसतात, फोटो शेअर केला तरी सोबत जात नाहीत, म्हणून मी प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने पण लिहून ठेवतेय, बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे उमटतो.

पाचापैकी चार स्टार. एकतीसपैकी आता सतरा झाले, कारण त्या कॉलवर माईआत्याने अजून सात जण सांगितले, कोण कुठल्या गावी दिलेली ते सुद्धा. राहिलेल्या चौदांत पुढे जमिनीवर बसलेली चार पोरं आहेत, ती हलल्यामुळे पुसट आलीत. मिरजेच्या चुलत घरातून त्यांच्याकडचे फोटो मागवलेत, रविवारी स्कॅनला बसणार.