स्टॉकहोमचं बाल्कनीवालं घर आणि सव्वा लाख रुपये

आम्हाला फसवणाऱ्या माणसानं स्टॉकहोमबद्दल जे जे लिहिलं, ते जवळजवळ सगळं खरं होतं. घर मात्र त्याचं नव्हतं. हे आधीच सांगते, कारण ही हकीकत ऐकली की लोक म्हणतात, "अहो, मेल वाचूनच कळायला हवं होतं की!" लॉटरी लागल्याच्या गचाळ मेलांचे दिवस गेले. आमच्या माणसाची इंग्रजी माझ्यापेक्षा चांगली होती.

जूनमध्ये जायचं होतं. सोबत सासूबाई आणि बारा वर्षांची लेक. सासूबाईंना दुपारी वरण-भात लागतो, आणि स्टॉकहोममध्ये चौघांनी दोन्ही वेळा बाहेर जेवायचं म्हणजे किती पैसे मोजावे लागतात ते जाऊन आलेल्यांना विचारा. म्हणून स्वयंपाकघर असलेलं घर शोधत होतो. भाड्याच्या जाहिरातींच्या एका साइटवर सॉडरमाल्म बेटावरचं, मारियातोरियेत मेट्रो स्टेशनजवळचं घर दिसलं. बाल्कनीतून पाणी, आणि पलीकडच्या काठावर सिटी हॉलचा 106 मीटर उंच मनोरा, वर तीन सोनेरी मुकुट. भाडं स्वस्त नव्हतं, जरा बरं होतं इतकंच. फार स्वस्त असतं तर आम्हीच बिचकलो असतो. हे त्यालाही ठाऊक असणार.

त्याचं म्हणणं असं: मिडसमरला आम्ही गावच्या उन्हाळी घरी जातो, म्हणून इथलं घर रिकामं असतं. खरं आहे. 19 ते 25 जूनच्या मधल्या शुक्रवारी स्वीडनचा हा सण येतो आणि निम्मं शहर बाहेर पडतं. पुढे, इमारतीची सोसायटी आहे, पाहुणे ठेवायला समितीची परवानगी लागते, तेव्हा शेजाऱ्यांना काही विचारू नका, कुणी विचारलंच तर नातेवाईक आहोत म्हणा. हेही खरं. तिथं आपलं घर दुसऱ्याला भाड्यानं द्यायला सोसायटीची मंजुरी लागते. पण या एका वाक्यानं त्यानं चौकशीचे सगळे रस्ते बंद करून टाकले होते. मग पैशांचं. स्वीडनमध्ये रोख कुणी घेत नाही, आणि फोनवरून पैसे पाठवायचं तिथलं 'स्विश' तिथल्या बँक खात्याशिवाय चालत नाही. तुम्ही पर्यटक, तुमच्याकडे ते नसणार, तर सरळ बँकेतून पाठवा. यातलं पहिलं दुकानात गेल्यावर आम्ही स्वतः पाहिलं, दुसरं तर नियमच आहे. दोन खऱ्या गोष्टींच्या मागे त्यानं आपली मागणी बसवली होती.

साइटच्या आतूनच पैसे भरतो असं नवऱ्यानं कळवलं, तर उत्तर आलं की साइटवाले जास्त कमिशन कापतात, शिवाय पैसे अडकवून ठेवतात. ते अडकवून ठेवणंच तर आपल्या कामाचं असतं! पैसे मध्येच थांबतात, आपण घरात पाऊल टाकल्यावर मालकाला मिळतात, म्हणून मालकाला खरं घर दाखवावं लागतं.

बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरला, कारण लिहिलं, सव्वा लाखाच्या आसपास रक्कम गेली. खात्याचा आयबॅन क्रमांक मी आता डोळे मिटूनही सांगू शकते. त्याची पहिली दोन अक्षरं देश सांगतात. स्वीडनचा आयबॅन 'एसई'नं सुरू होतो. आम्हाला मिळालेला 'एलटी'नं, म्हणजे लिथुआनियाचा. यावरही त्याचं उत्तर तयार होतं: आमची बँक ऑनलाइन आहे, मुख्य कचेरी तिकडे. अशा बँका खरोखर असतात. पण स्टॉकहोममध्ये घर असलेल्या, तिथं सोसायटीचा महिन्याचा हप्ता भरणाऱ्या माणसाचं एकही स्वीडिश खातं नसावं?

मालकाच्या पासपोर्टची प्रत आली, नावासकट. आमच्याही पासपोर्टच्या प्रती मागितल्या, करारासाठी म्हणून, आणि त्या गेल्या. करारनामा लगेच आला. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला राहण्याच्या जागेचा कागद लागतो, तो करार जोडला आणि व्हिसा मिळाला. व्हिसा मिळाला म्हणजे घराचा कागद कुणीतरी तपासला, असं मनात धरू नका.

मालकाचं नाव गूगलवर टाकून पाहिलं होतं. त्याच पत्त्यावर, त्याच नावाची व्यक्ती खरोखर राहते असं दिसलं आणि आम्ही निश्चिंत झालो. नंतर कळलं की स्वीडनमध्ये कोण कुठे राहतं, वय काय, ही माहिती सार्वजनिक असते आणि कुणालाही घरबसल्या सापडते. आपल्याला जो पुरावा वाटतो तो तिथं टेलिफोन डिरेक्टरीइतका उघडा असतो. फोटोंचंही तेच. तिकडे घर विकायला काढलं की प्रत्येक खोलीचे झकास फोटो, नकाशा, चौरस मीटर, सगळं जाहिरातीत येतं आणि विक्री झाल्यावरही कुठे ना कुठे राहतं. आमच्या बाल्कनीचा फोटो असाच एका जुन्या विक्रीच्या जाहिरातीतला. फोटो गूगलच्या इमेज सर्चमध्ये टाकला की दोन मिनिटांत सापडतो. मी टाकून पाहिला, पण परत आल्यावर.

जूनमध्ये त्या पत्त्यावर पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते आणि बाहेर लख्ख ऊन. दाराशी आकड्यांचं पॅड, दिलेला कोड लागेना. फोन बंद. आतून एक मुलगा बाहेर आला तेव्हा आम्ही आत शिरलो. जिन्याच्या तळाशी राहणाऱ्यांच्या आडनावांची पाटी असते, तिच्यावर ते नाव होतं. त्या क्षणी वाटलं, चला, मिळालं. तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. दार उघडलं ते साठीच्या बाईंनी. आमच्या हातातला करार वाचून त्यांनी डोक्याला हात लावला. आमच्याआधीही एक कुटुंब असंच बॅगा घेऊन आलं होतं. त्यांनी सासूबाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, लॅपटॉप उघडला आणि हॉटेल शोधायला बसल्या. मध्येच त्यांचा नवरा येऊन स्वीडिशमध्ये काहीतरी पुटपुटला, बहुतेक त्या ठगाला उद्देशून.

हॉटेल मिळालं, तेही अर्ध्या तासात, आणि जवळजवळ त्याच भावात. "मिडसमरला शहरात एक खोली मिळत नाही, आजच ठरवा," हे त्या माणसाचं वाक्य होतं. आता त्याच्याच दोन वाक्यांची जुळणी करून बघा. शहर रिकामं होतं म्हणे, आणि खोलीही मिळत नाही म्हणे! ऑफिसच्या कामानं येणारे लोक त्या आठवड्यात नसतात, त्यामुळे मोठ्या हॉटेलांचे भाव उलट उतरतात. घाई करायला लावणारं ते एकच वाक्य शहराबद्दल खोटं होतं, आणि त्याच वाक्यावर आम्ही पैसे पाठवले.

निघताना बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिनं आमचे हजारभर क्रोनर तरी वाचवले असतील. 1990 पासून स्वीडनमध्ये टॅक्सीचे दर मोकळे आहेत, ज्याला जो वाटेल तो लावावा. म्हणून प्रत्येक गाडीच्या मागच्या खिडकीवर पिवळं स्टिकर असतं. त्यावर 10 किलोमीटर आणि 15 मिनिटांच्या प्रवासाला किती पडतील तो आकडा. नाक्यावर उभ्या पहिल्या गाडीवरचा आकडा मागच्या गाडीच्या दुपटीहून जास्त होता. रांगेतली पहिलीच गाडी घ्यायचं बंधन नाही, आम्ही मागची घेतली. जास्त दराची गाडी कायद्यानं फसवणूक नव्हेच, दर लिहिलेला आहे. वाचायचा तुम्ही.

त्या माणसानं घरासोबत 'शहर दर्शन पास'ही विकला होता, चौघांचा. त्यात वासा संग्रहालयाचं लेकीचं तिकीट धरलेलं. तिथल्या खिडकीवर समजलं की 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीटच नसतं. पास अर्थातच कागदाचा तुकडा निघाला, पुन्हा तिकिटं काढली. पैसे वसूल झाले हे मात्र कबूल करते. 1628 साली पहिल्याच सफरीत, बंदरातून दीड किलोमीटरही न जाता बुडालेलं 'वासा' जहाज 1961 साली वर काढून ठेवलंय. राजाच्या फसलेल्या कामावर इतकी गर्दी जमवणारं शहर मला तरी दुसरं माहीत नाही. बाकी पास लागतो कशाला? राजवाड्यासमोरचा पहारेबदल फुकट. मोंटेलियसवेगन या पायवाटेचा चढ चढून गेलं की आमच्या 'बाल्कनी'तलं दृश्य फुकट. मेट्रोला वेगळं तिकीट काढायला नको, गेटवर बँकेचं कार्ड टेकवायचं, 75 मिनिटं चालतं. त्याच तिकिटात टी-सेंट्रालेन स्टेशनात रंगवलेल्या निळ्या वेली आणि कुंगस्त्रेदगोर्डन स्टेशनची गुहा बघून होतं. सिटी हॉल आतून बघायचा तर गाइडसोबतच जावं लागतं, तिकीट तिथंच किंवा त्यांच्या स्वतःच्या साइटवर काढा.

स्वयंपाकघर हवंच असेल तर हॉस्टेलं बघा. शेप्सहोल्मन बेटाला नांगरलेलं 1888 सालचं 'आफ चापमन' जहाज किंवा लाँगहोल्मन बेटावरचा जुना तुरुंग, दोन्हीकडे लोक हौसेनं राहतात. स्वीडिश हॉस्टेलांत चादरी आणि शेवटची सफाई यांचे पैसे बऱ्याचदा वेगळे असतात, ते आधी वाचा. नाहीतर तिथंही लोक 'फसवलं' म्हणून ओरडत बसतात.

आता तक्रारीचं. स्वीडनमध्ये तातडीचं नसेल तर पोलिसांचा क्रमांक 114 14, भारतातून +46 77 114 14 00. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या, विमा कंपनीपासून बँकेपर्यंत सगळे तोच मागतात. भारतातून पैसे गेलेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, आणि तो कळल्याच्या तासाभरात. आम्ही दुसऱ्या दिवशी केला. बँकेनं परतीची विनंती पाठवली, समोरून उत्तर आलं की खातेदाराची संमती हवी. खातेदारानं ती दिली नाही, देणार कशाला! पैसे गेले ते गेले. माझ्या डोक्याला खरा घोर आहे तो पासपोर्टच्या चार प्रतींचा. आम्हाला आलेली 'मालका'ची प्रत अशीच कुणाकडून तरी उकळलेली असणार. कुठे प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं 'फक्त अमुक घराच्या करारासाठी' आणि तारीख लिहून द्या, फोटोच्या अंगावरून.