जिप्सीचे शॅकल टर्नरकडून: काम एक नंबर, वेळेचं मात्र विचारू नका

कन्नडजवळच्या आमच्या रानात जायला घरी जुनी जिप्सी किंग आहे. मारुतीनं ही गाडी 2019 साली बंद केली. इंजिनाचं सामान अजून बऱ्यापैकी मिळतं. पण पाट्याचे (लीफ स्प्रिंगचे) शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक चासीला जोडणारी दोन पट्ट्या आणि पिनांची हलती कडी, मागितले की काउंटरवरचा पोरगा आत जातो, बराच वेळ खुडबुड करतो आणि रिकाम्या हातानं बाहेर येतो.

मागचं डावं शॅकल खडखडायला लागलं होतं. पिनेभोवतीचे रबरी बुश नवीन टाकले तरी आवाज तसाच. पिन काढून डिझेलनं पुसली तर मधोमध खाच पडलेली, नख फिरवलं की अडकायचं. बुश फाटलं की आत माती जाते आणि गाडी चालेल तशी पिन घासत राहते. पावसाळ्यात काळ्या रानातून हिंडणाऱ्या गाडीचं हे ठरलेलं दुखणं आहे.

ऑनलाइन तयार शॅकल मिळतात, नाही असं नाही. मित्रानं गाडी उचलायला मुळापेक्षा दोन इंच जास्त लांब 'लिफ्ट शॅकल' मागवले होते. पावडर कोटिंग एकदम झकास, पण अंतूर किल्ल्याच्या वाटेला गाडी थोडी फार घातली आणि पट्टीचं भोक अंडाकृती झालं. शिवाय दोन इंच शॅकल म्हणजे गाडी दोन इंच वर, हा हिशोबच चुकीचा. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असतं, त्यामुळं गाडी उचलते साधारण निम्मी, म्हणजे एक इंच. पुढचं तर आणखी नाजूक. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला आहे. ते लांब केलं की अ‍ॅक्सल फिरतो, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल) कमी होतो, आणि वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपलं आपण सरळ येईनासं होतं. हायवेला अशी गाडी चालवायची म्हणजे सारखं हातात धरून बसायचं. वर गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. म्हणून मापात बदल नको, मूळ होतं तेवढंच पाहिजे, हे मी आधीच ठरवलं होतं.

छत्रपती संभाजीनगरात वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांमुळं लेथवाल्यांना तोटा नाही. मी गेलो तो चिकलठाण्याकडचा, एकाच शटरचा गाळा. तिथल्या टर्नर चाचांनी जुनं शॅकल हातात घेतलं, पट्टीकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "पट्टी कोणी बी कापून देईल साहेब, पिनेचं बोला."

पिना ईएन 8 नावाच्या पोलादाच्या गोल सळईतून काढल्या. माप घ्यायचा व्हर्निअर जुन्या पिनेच्या झिजलेल्या जागी न लावता टोकाजवळच्या कोऱ्या जागी लावला, इथंच मला माणूस पटला. पिनेला खांदा, म्हणजे जाडीची पायरी, ठेवला. नट आवळला की पट्टी खांद्यावर बसते, दोन पट्ट्यांतलं अंतर कायम राहतं आणि बुश चेपत नाही. मी विचारलं, पिन वेल्ड करून टाकली तर? त्यांनी सरळ नाही म्हटलं. ईएन 8 मध्ये कार्बन जास्त, गरम न करता वेल्ड मारला तर वेल्डच्या शेजारी कडक होऊन तडकतं. पिन प्रेसवर दाबून बसवली. आणि भोकं? दोन्ही पट्ट्या एकावर एक टाचून एकदमच पाडली, म्हणजे पिना समोरासमोर येणारच.

चारही शॅकलचे, सहज सैल न होणाऱ्या नायलॉक नटांसकट, 3,200 रुपये झाले. मित्राच्या झकास जोडीला याहून जास्त पडले होते.

आता रडगाणं. 'परवा या' म्हणजे परवा नव्हे, ते परवापासून मोजायला सुरुवात करायची. बिल मिळत नाही. रंग म्हणजे ब्रशनं फासलेला काळा ऑइलपेंट, तोही अर्धा थ्रेडवर; मी घरी वायर ब्रशनं काढला. फोन शक्यतो उचलत नाहीत, लेथच्या आवाजात ऐकू येत नसावा.

बसवताना एक गोष्ट गॅरेजवाल्याला बजावून सांगा. गाडी जॅकवर लटकत असताना नट नुसते लावून ठेवायचे, फायनल टाइट करायचे ते चारी चाकं जमिनीवर टेकून गाडीचं वजन पाट्यावर आल्यावर. लटकत्या गाडीत आवळले तर बुशाचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आमच्याकडचा मेकॅनिक पहिल्यांदा "काही फरक पडत नाही" म्हणाला. मी पाना माझ्याकडंच ठेवला.

पाच पैकी चार तारे. एक कापला तो 'परवा'चा. जाणार असाल तर जुनं शॅकल सोबत न्या, फोटोवर काम घेत नाहीत. आणि शुक्रवारी दुपारी गाळा बंद असतो.