दोन संगणकांतले फोटो एका संग्रहात: कोणता मार्ग कोणासाठी?

गोव्यातल्या कितीतरी घरांत फोटो आपोआप दोन ठिकाणी वाटले गेले आहेत. गावच्या घरी, फोंड्याला किंवा डिचोलीला, जुना डेस्कटॉप असतो. घरात पहिला डिजिटल कॅमेरा आला तेव्हापासूनचे फोटो त्यात, बहुधा पिकासा या गूगलच्या जुन्या फोटो-प्रोग्राममध्ये लावून ठेवलेले. पणजी-पर्वरीच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप, आणि त्यात मोबाइलवरून उतरवलेलं सगळं. चवथीला माटोळी बांधतानाचे फोटो एकीकडे, त्याच दिवशीच्या आरतीचे दुसरीकडे. हे एकत्र करायचं ठरलं की सगळे आधी विचारतात, सॉफ्टवेअर कोणतं घेऊ? माझं मत असं की त्याआधी एक गोष्ट तपासावी. माणसांची नावं, फोटोखालच्या ओळी, अल्बम, कातरणं-उजळवणं ही इतक्या वर्षांची मेहनत नेमकी कुठे साठली आहे? फोटोच्या फाइलमध्ये, की प्रोग्रामने स्वतःजवळ ठेवलेल्या डेटाबेसमध्ये, म्हणजे नोंदवहीत? पुढचा सगळा मार्ग यावरून ठरतो.

फोटो कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्याने, ही माहिती एक्झिफ म्हणून फाइलच्या आतच असते. फाइल कुठेही न्या, ती सोबत जाते. फोटोखालची ओळ आणि कीवर्डही फाइलच्या आत लिहिता येतात, पण प्रत्येक प्रोग्राम ते आपणहून करत नाही. अल्बम तर बहुतेक वेळा डेटाबेसमध्येच राहतात.

जुन्या डेस्कटॉपवर पिकासा असेल तर इथे जरा थांबा. गूगलने ते २०१६ साली बंद केलं, तरी आधी बसवलेलं असेल तर अजून उघडतं. पिकासात जेपेग फोटोखाली लिहिलेली ओळ फाइलमध्येच जाते, ती सुरक्षित आहे. पण फोटो कातरला, उजेड वाढवला, तर तो बदल 'सेव्ह' दाबेपर्यंत फाइलला लागत नाही. त्याची नोंद त्या फोल्डरमधल्या एका छोट्या आयएनआय फाइलमध्ये असते, आणि 'सेव्ह' केल्यावर मूळ फोटो एका लपलेल्या फोल्डरमध्ये जातो. कोणी नुसते फोटो निवडून पेनड्राइव्हवर उचलले तर हे दोन्ही मागे राहतं. म्हणून काहीही हलवायच्या आधी त्याच संगणकावर पिकासा उघडा, बदल सेव्ह करा, चेहऱ्यांची नावं फोटोत साठवायचा पर्याय सेटिंगमध्ये चालू करा, आणि महत्त्वाचे अल्बम फोल्डर म्हणून एक्स्पोर्ट करा. पुढे कोणताही मार्ग घेतलात तरी हे काम चुकत नाही, आणि तो डेस्कटॉप चालू आहे तोवरच ते होतं.

पहिला मार्ग: साधे फोल्डर

एक एक्स्टर्नल डिस्क, त्यात वर्षांचे फोल्डर, त्यांत महिन्यांचे. दोन्हीकडे विंडोज असेल आणि अल्बमांत फारसा जीव गुंतलेला नसेल तर हाच मार्ग. पैसे लागत नाहीत, कुठल्या कंपनीवर अवलंबून राहावं लागत नाही, आणि वीस वर्षांनी कोणत्याही संगणकावर हे फोल्डर उघडतील.

धोका आहे तो फाइलच्या नावांचा. कॅमेरा प्रत्येक फोटोला चार आकडी क्रमांक देतो, ०००१ पासून ९९९९ पर्यंत, आणि मग पुन्हा ०००१. त्यामुळे 'डीएससी ००४२' हे एकच नाव जत्रेतल्या नाटकाच्या फोटोलाही असतं आणि काही वर्षांनंतरच्या बारशाच्या फोटोलाही. एका संगणकावरचा फोल्डर दुसऱ्याच्या तशाच नावाच्या फोल्डरवर ओढून टाकला की विंडोज विचारतं, 'रिप्लेस' की 'स्किप'? रिप्लेस दाबलं तर आधीचा फोटो गेला. स्किप दाबलं तर नवा आलाच नाही. म्हणून डिस्कवर आधी 'फोंडा' आणि 'पणजी' असे दोन वेगळे फोल्डर करा, दोन्हीकडचं सगळं जसंच्या तसं त्यांत उतरवा, आणि फाइलना काढल्याच्या तारीख-वेळेवरून नावं दिल्यानंतरच एकत्र करा. हे काम एक्झिफटूल हा मोफत प्रोग्राम हजारो फाइलवर एका झटक्यात करतो. त्यात आज्ञा टाइप करावी लागते. ते नको असेल तर डिजीकॅम या मोफत फोटो-प्रोग्राममध्ये हेच खिडकीतून होतं. आयफोनच्या लाइव्ह फोटोत एक चित्र आणि एक छोटा व्हिडिओ अशा एकाच नावाच्या दोन फाइल असतात, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आणि जेपेगच्या जोड्याही तशाच. नाव बदलताना जोडी फुटली तर पुन्हा जुळवणं कटकटीचं होतं.

वेळेचा घोळ तर आपल्याकडे घरोघरी निघतो. दुबईहून चवथीला आलेल्या भावाचा कॅमेरा दुबईच्या वेळेवरच असतो. तिथली वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, आणि जुन्या कॅमेऱ्यांच्या एक्झिफमध्ये कुठल्या देशाची वेळ हे लिहिलेलंच नसतं. दोन संग्रह तारखेने लावले की त्याने साडेआठला काढलेला आरतीचा फोटो सातचा म्हणून येऊन बसतो, म्हणजे तुमच्या लॅपटॉपवरच्या आरतीच्या तयारीच्याही आधी. एकत्र करण्याआधी त्या कॅमेऱ्याचे फोटो वेगळे काढून सगळ्यांची वेळ दीड तासाने पुढे सरकवा. एक्झिफटूल आणि डिजीकॅम दोन्हींत तास-मिनिटं देता येतात. किती फरक आहे हे कळत नसेल तर दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपलेला एकच क्षण शोधा. देवापुढे कापूर पेटवतानाचा फोटो बहुधा दोघांकडे असतो.

स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंचं दुखणं वेगळं आहे. १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीज काळातला आजोबांचा फोटो २०१२ साली स्कॅन केला असेल तर संगणक त्याला २०१२ चाच समजतो. अशांना अंदाजाची तारीख हाताने द्या आणि खालच्या ओळीत 'अंदाजे' हा शब्द लिहा. पुढच्या पिढीने अंदाजालाच पुरावा मानू नये.

दुसरा मार्ग: एकाच प्रोग्रामच्या पोटात

दोन्हीकडे लाइटरूम क्लासिक हा अ‍ॅडोबीचा फोटो-प्रोग्राम असेल तर दुसरा विचार करू नका. त्याच्या फाइल मेनूत दुसरा कॅटलॉग, म्हणजे त्याची फोटोंची नोंदवही, आयात करण्याची सोय आहे. बदल, कीवर्ड, कलेक्शन सगळं सोबत येतं, आणि एकच फोटो दोन्ही कॅटलॉगांत असेल तर कोणाचे बदल ठेवायचे हेही तो विचारतो. दोन्ही कॅटलॉग एकाच आवृत्तीवर आणा आणि फोटोंसह एकाच डिस्कवर घ्या. कॅटलॉग नेटवर्कवरच्या ड्राइव्हवरून उघडत नाही. पण फक्त घरचे फोटो एकत्र करण्यासाठी मी हा प्रोग्राम नव्याने घ्यायला सांगणार नाही. दर महिन्याचं भाडं आहे, आणि लग्नाचे किंवा नाटकांचे फोटो काढण्याचा व्यवसाय नसेल तर ते वसूल होत नाही.

दोन्हीकडे मॅक असतील तर गोष्ट थोडी अवघड होते. प्रचलित वाट अ‍ॅपलच्या आयक्लाउडमधून जाते. एक लायब्ररी मुख्य ठरवून आयक्लाउडवर चढवायची, ती पूर्ण चढली की दुसरी मुख्य ठरवायची. वर दोन्ही मिसळतात. आयक्लाउडची मोफत जागा ५ जीबीच, म्हणजे काही काळ तरी पैसे भरावे लागतात. आयक्लाउड नको असेल तर पॉवरफोटोज हा विकतचा प्रोग्राम मॅकवरच लायब्ऱ्या जोडतो आणि अल्बमही राखतो. दोन्ही बाबतींत आधी मॅकच्या फोटोज प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये जाऊन मूळ फाइल मॅकवर उतरवायचा पर्याय निवडा. जागा वाचवायचा पर्याय चालू असेल तर मॅकवर दिसतात ते पुष्कळसे फोटो छोट्या प्रती असतात. शिवाय मॅकची फोटो लायब्ररी एक्सफॅट (विंडोज-मॅक दोन्हींना चालणारी पद्धत) मध्ये फॉरमॅट केलेल्या डिस्कवर ठेवू नका, त्यासाठी मॅकच्याच पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क हवी.

डिजीकॅम या दोघांपेक्षा वेगळा आहे, आणि विंडोज-मॅक असं मिश्र घर असेल तर मला तोच सगळ्यात भरवशाचा वाटतो. मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. त्यात अल्बम म्हणजे डिस्कवरचे खरे फोल्डरच, त्यामुळे उद्या डिजीकॅम काढून टाकला तरी रचना जागच्या जागी राहते. सेटिंगमध्ये मेटाडेटा, म्हणजे फोटोबद्दलची माहिती, फाइलमध्ये लिहायचा पर्याय चालू केला की नावं आणि ओळी थेट फोटोत जातात. पहिल्यांदा सगळे फोटो वाचायला तो बराच वेळ घेतो आणि दिसायला गूगल फोटोजइतका देखणा नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना तो हाताळता येईल अशी अपेक्षा ठेवू नये. त्यांच्यासाठी तिसरा मार्ग आहे.

तिसरा मार्ग: क्लाउड

दोन्ही संगणकांवरून एकाच गूगल खात्यात फोटो चढवा, झालं काम. तंतोतंत सारखी फाइल गूगल फोटोज दुसऱ्यांदा घेत नाही, चेहरे ओळखतं, आणि आईला मोबाइलवर सगळं दिसतं. शोधण्याच्या बाबतीत याच्या जवळपास वरचं काही येत नाही.

अडचणी जागेच्या आणि परतीच्या आहेत. १ जून २०२१ पासून प्रत्येक फोटो १५ जीबीच्या मोफत जागेत मोजला जातो, आणि ती जागा जीमेल व ड्राइव्हसकट आहे. दोन संगणकांचं मिळून २०० जीबी निघालं तर जागा विकत घ्यावीच लागेल. जागा वाचवायचा पर्याय निवडला तर फोटो दाबले जातात आणि १६ मेगापिक्सेलहून मोठे असतील तर लहानही होतात. घरच्या इंटरनेटचा अपलोडचा वेग २० एमबीपीएस असेल तर २०० जीबी चढायला सलग बावीस तास लागतात, आणि पावसात वीज येत-जात असली तर सलग हा शब्द विसरा. तेच डिस्कवरून डिस्कवर काही तासांचं काम आहे. संगणकावरचे फोल्डर वर जाऊन अल्बमही होत नाहीत, ते पुन्हा लावावे लागतात. परतताना गूगल टेकआउट ही सगळं परत उतरवून घ्यायची सोय फोटो देते, पण तुम्ही गूगल फोटोजमध्ये बदललेली तारीख आणि लिहिलेली ओळ फोटोत न येता शेजारच्या जेसन नावाच्या नोंदीच्या फाइलमध्ये येते. म्हणजे सुरुवातीचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो: मेहनत फाइलच्या बाहेर.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. आयक्लाउड किंवा गूगल फोटोज म्हणजे बॅकअप असं धरून चालू नका. एका ठिकाणी पुसलेला फोटो सगळीकडून पुसला जातो; आयक्लाउडच्या कचरापेटीत ३० दिवस आणि गूगलच्या ६० दिवस, त्यानंतर नाही.

एकसारखे फोटो

कोणत्याही मार्गाने गेलात तरी एकच फोटो दोनदा आलेला दिसणारच. पण 'सारखे' दोन प्रकारचे असतात. एक, तीच फाइल दोन संगणकांवर. ती डूपगुरूसारखा मोफत प्रोग्राम बिनचूक शोधतो आणि निर्धास्त पुसता येते. दुसरा प्रकार व्हॉट्सअ‍ॅपचा. फोटो म्हणून पाठवलेली प्रत लहान होते, तिच्यातलं एक्झिफ निघून जातं, आणि नावात तारीख उरते ती पाठवल्याची. 'आयएमजी-२०१९०९०२-डब्ल्यूए०००४' हा २०१९ च्या चवथीच्या दिवशी आलेला फोटो. त्याच दिवशी काढलेला असेलच असं नाही. डिजीकॅम असे दिसायला सारखे फोटो जोडीने समोर ठेवतो. जोडीतली मोठी, एक्झिफ असलेली फाइल ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपची प्रत पुसण्याआधी मात्र मूळ खरंच आपल्याकडे आहे ना हे बघा. काकांनी पाठवलेल्या पुष्कळ फोटोंचं मूळ त्यांच्या जुन्या मोबाइलबरोबरच गेलेलं असतं.

मला कोणी एकच उत्तर मागितलं तर मी पहिला आणि तिसरा मार्ग जोडून देईन. मूळ फोटो एका डिस्कवर तारखेच्या फोल्डरांत, नावं-ओळी डिजीकॅममधून थेट फाइलमध्ये, आणि त्यातला निवडक भाग गूगल फोटोजवर सगळ्या घराला बघायला. व्यावसायिक फोटोग्राफरने लाइटरूम सोडू नये. दोन्ही मॅक आणि खिशात आयफोन असणाऱ्यांनी आयक्लाउडचे पैसे भरावेत, त्यांचा त्रास त्यात सगळ्यात कमी आहे.

विंडोज आणि मॅक दोन्हींवर फिरणारी डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीवर मॅक फक्त वाचतो, आणि जुन्या फॅट३२ पद्धतीत ४ जीबीहून मोठा व्हिडिओ बसत नाही. डिस्क एक पुरत नाही, दोन हव्यात, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. गावचं घर पावसाळ्यात बंद राहत असेल तर तिथली डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आणि पाऊस संपला की जोडून उघडून बघा. फाइल उतरवण्याचं काम डेस्कटॉपवर करणार असाल तर यूपीएसशिवाय सुरू करू नका.

जुना डेस्कटॉप सुरूच होत नसेल तरी निराश होऊ नका. बऱ्याचदा मदरबोर्ड किंवा पॉवर सप्लाय गेलेला असतो आणि आतली हार्ड डिस्क ठीक असते. ती बाहेर काढून वेगळा पॉवर अडॅप्टर असलेल्या साटा-यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडता येते. पिकासाच्या त्या आयएनआय फाइलही तिथेच मिळतील, लपलेल्या फाइल दाखवायचा पर्याय चालू करा. आणि नव्या संग्रहातल्या फाइलची संख्या जुन्या दोन्हींच्या बेरजेतून पुसलेल्या प्रती वजा करून जुळत नाही, प्रत्येक वर्षातले चार-दोन फोटो आणि व्हिडिओ पूर्ण उघडून पाहिलेले नाहीत, तोवर तो डेस्कटॉप भंगारवाल्याला देऊ नका.