१० पीपीएम डिझेल: माल उत्तम, लेबल अपुरं

युरोपात ईएन ५९०, ब्राझीलमध्ये एस-१०, भारतात बीएस-६, चीनमध्ये नॅशनल सहा. पाट्या वेगळ्या असल्या तरी त्यामागच्या डिझेलची मुख्य अट एकच आहे: एका किलोत १० मिलिग्रॅमपेक्षा, म्हणजे १० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत दहा), जास्त गंधक नको. अमेरिकेने हीच रेघ १५ वर ओढली आहे. मोठ्या बाजारपेठांत आता बहुतेक ठिकाणी हाच माल मिळतो. तेव्हा विक्रीच्या इतर कुठल्याही वस्तूसारखं त्याचंही परीक्षण व्हायला हवं: हातात नेमकं काय पडतं, फसगत कुठे होते आणि पाटीवर काय लिहिलेलं नसतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. हे डिझेल मायलेज वाढवत नाही. रिफायनरीत डिझेल तापवून, मोठ्या दाबाखाली, हायड्रोजनसोबत उत्प्रेरकावरून नेतात; यालाच हायड्रोट्रीट करणं म्हणतात. गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन निघून जातं. या प्रक्रियेत काही ॲरोमॅटिक संयुगंही कमी होतात, घनता जरा उतरते आणि लिटरमागची ऊर्जाही किंचित घटते. जुनी गाडी काळा धूर ओकत असेल तर त्याचं कारण बहुधा झिजलेला इंजेक्टर किंवा चोंदलेला एअर फिल्टर असतो. डिझेल बदलून तो धूर जात नाही.

या मालाचा खरा उपयोग इंजिनाच्या मागे, सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेल्या डब्यांत आहे. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो. तो ऑक्सिडेशन कॅटॅलिस्टवरच्या (धुरातल्या वायूंचा ऑक्सिजनशी संयोग घडवणाऱ्या उत्प्रेरकावरच्या) प्लॅटिनमवरून गेला की त्यातल्या काही भागाचा ट्रायऑक्साइड होतो, पुढे वाफेशी मिळून सल्फ्युरिक आम्ल आणि सल्फेटचे बारीक कण. म्हणजे ५०० पीपीएमचं डिझेल घातलं तर प्रदूषण कमी करायला बसवलेलं यंत्र स्वतःच कण तयार करायला लागतं. शिवाय हाच कॅटॅलिस्ट नायट्रिक ऑक्साइडपासून नायट्रोजन डायऑक्साइड बनवतो, आणि त्याच्या जोरावर डीपीएफमधली (धुरातले कण अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी २५० ते ४०० अंशांना हळूहळू जळत राहते. गंधकाने प्लॅटिनमच्या जागा अडवल्या की हे जळणं मंदावतं, डीपीएफ लवकर भरतो, आणि मग जादा डिझेल फवारून ६०० अंशांच्या आसपास तापवण्याची पाळी वारंवार येते.

नॉक्स, म्हणजे नायट्रोजनचे ऑक्साइड, साठवणाऱ्या ट्रॅपचे हाल तर आणखी वाईट. त्यातलं बेरियम नायट्रेट धरून ठेवायला असतं, पण सल्फेटशी त्याची गाठ जास्त घट्ट बसते. ती सोडवायला ६०० अंशांच्या वरचं तापमान आणि इंधन जास्त, हवा कमी अशी स्थिती लागते. शहरात पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला ते तापमान मिळणं अवघडच.

म्हणूनच जगभर क्रम एकच दिसतो: आधी इंधन, मग गाडी. शिशाच्या बाबतीतही हेच झालं होतं. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलांपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले आणि ते शिशाने निकामी होत असल्यामुळे शिसेविरहित पेट्रोल पंपावर ठेवणं भाग पडलं. शिसं घातलेलं पेट्रोल गाड्यांसाठी विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथली विक्री २०२१ मध्ये थांबली. डिझेलमधल्या गंधकाच्या पायऱ्या युरोपात २००० साली ३५०, २००५ मध्ये ५० आणि २००९ मध्ये १० अशा उतरल्या. अमेरिका २००६ पासून ५०० वरून थेट १५ वर आली. चीनने २०१७ मध्ये देशभर १० गाठलं. भारताने १ एप्रिल २०२० ला ५० वरून १० वर उडी मारली आणि मधली बीएस-५ ची पायरी गाळली. पूर्व आफ्रिकी समुदायाने २०१५ पासून ५० पीपीएम धरलं, पश्चिम आफ्रिकेतल्या देशांच्या इकोवास संघटनेने तसा निर्णय २०२० मध्ये घेतला. ऑस्ट्रेलियाची तऱ्हा वेगळी: डिझेल २००९ पासून १० वर, पण साध्या पेट्रोलमध्ये १५० पीपीएम गंधक २०२५ संपत येईपर्यंत चालत होतं. आणि जहाजांच्या इंधनाला २०२० पासून 'कमी गंधकाचं' म्हणतात ते ०.५ टक्का, म्हणजे ५,००० पीपीएम! रस्त्यावरच्या डिझेलच्या ५०० पट.

हा ५,००० चा आकडा लक्षात ठेवा, कारण या मालाची सगळ्यात नाजूक बाजू त्यातूनच कळते. रिफायनरीतून निघताना डिझेल १० च्या बरंच खाली असावं लागतं, कारण वाटेत पाइपलाइन, टाक्या, टँकर सगळीकडे ते आधीच्या मालाचे अवशेष उचलतं. समजा ८ पीपीएमचं १०,००० लिटर डिझेल आहे आणि टँकरच्या कप्प्यात किंवा होजमध्ये आधीचं ५,००० पीपीएमचं इंधन राहून गेलंय. ते फक्त ४ लिटर असलं तरी अख्खा टँकर १० वर पोचतो. १०० लिटर राहिलं तर आकडा ५७ च्या आसपास जातो. कप्प्याच्या तळाशी, व्हॉल्व्हच्या कोपऱ्यात आणि होजमध्ये मिळून ४ लिटर राहणं मुळीच कठीण नाही. त्यामुळे टँकर वेगळा ठेवणं किंवा कप्पा पूर्ण निथळवून, होज रिकामा करून मगच भरणं, हे या मालाच्या किमतीतच धरलेलं असायला हवं. रंगावरून किंवा वासावरून काही कळत नाही. १० पीपीएमच्या पातळीवर अतिनील प्रतिदीप्ती किंवा क्ष-किरणांची प्रयोगशाळेतली चाचणीच लागते. पंपावर कागद भिजवून 'शुद्धता' दाखवणारे जे प्रयोग चालतात, त्यांचा गंधकाशी काडीचाही संबंध नाही.

दुसरी उणीव वंगणाची. गंधक गेलं म्हणून वंगण गेलं असं सर्रास म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. गंधकाबरोबर ऑक्सिजन आणि नायट्रोजनची जी ध्रुवीय संयुगं हायड्रोजनच्या माऱ्यात जातात, पृष्ठभागावर पातळ थर धरून ठेवण्याचं काम मुख्यतः त्यांचं असतं. याची चाचणी पाहण्यासारखी आहे. ६ मिलिमीटरची पोलादी गोळी २०० ग्रॅम भाराखाली एका पोलादी चकतीवर, ६० अंश तापवलेल्या डिझेलमध्ये, सेकंदाला ५० वेळा १ मिलिमीटर पुढे-मागे घासतात. ७५ मिनिटांनी गोळीवरचा घासल्याचा डाग सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. युरोपीय मानकात तो ४६० मायक्रॉनच्या आत हवा, अमेरिकेत ५२० चालतो. नुसतं हायड्रोट्रीट केलेलं डिझेल यात सहज नापास होऊ शकतं. पास होतं ते डेपोत घातलेल्या वंगण-ॲडिटिव्हमुळे किंवा एक-दोन टक्के बायोडिझेलमुळे.

हे ॲडिटिव्ह पडलं नाही, किंवा कोणी रॉकेल मिसळून ते पातळ केलं, तर पहिला फटका कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीच्या) हाय प्रेशर पंपाला. तिथे दाब २,००० बारपर्यंत जातो आणि वंगणाला डिझेलशिवाय दुसरं काही नसतं. पंप झिजायला लागला की त्याची चुरी रेलमधून इंजेक्टरांत पोचते. मग नुसता पंप बदलून भागत नाही. रेल, इंजेक्टर, रिटर्न लाइन, टाकी असं सगळं उघडावं लागतं, नाहीतर नवा पंपही त्याच चुरीने जातो. सुरुवातीची खूण सोपी आहे. सर्व्हिसिंगला काढलेला डिझेल फिल्टर टाकून न देता कापून उघडा आणि पेपरच्या घड्या उन्हात धरा. चांदीसारखी चमक दिसली तर पंप आधी तपासा.

नवं डिझेल पहिल्यांदा येतं तेव्हा जुन्या गाड्यांत गळती सुरू होते, तीही याच कुळातली तक्रार. ॲरोमॅटिक संयुगांमुळे नायट्राइल रबराच्या रिंगा फुगलेल्या असतात. ती कमी झाली की रिंगा आकसतात. १९९३ मध्ये अमेरिकेत ५०० पीपीएमचं डिझेल आलं तेव्हा हेच झालं होतं. उपाय म्हणजे ॲडिटिव्हच्या बाटल्या नव्हेत, नव्या रिंगा, शक्यतो फ्लोरोकार्बन रबराच्या. टँकर भरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. असं स्वच्छ डिझेल वीज कमी वाहतं, म्हणून त्यात स्थिर विद्युत साठते. आधी पेट्रोल असलेल्या कप्प्यात डिझेल भरताना हा धोका सगळ्यात मोठा. अर्थिंगची तार आधी जोडायची, आणि भरणनळीचं तोंड डिझेलात बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवायचा.

आता लेबलबद्दल, आणि इथे गुण कापावेच लागतात. युरोपात २०१८ पासून नळीवर चौकोनात बी७ लिहिलेलं दिसतं: डिझेलमध्ये बायोडिझेल ७ टक्क्यांपर्यंत. पेट्रोलला गोल आणि त्यात ई५ किंवा ई१०. टाकीत चुकीचं इंधन जाऊ नये म्हणून हे पुरेसं आहे, पण प्रतीबद्दल ते काहीच सांगत नाही. सीटेन आकडा (डिझेल किती चटकन पेटतं त्याचं माप) युरोपात किमान ५१ आणि अमेरिकेत ४०. दोन्ही डिझेलं कमी गंधकाचीच, पण थंडीत सुरू होताना आणि आयडलच्या आवाजात फरक जाणवण्याइतका. थंडीत फिल्टर चोंदण्याचं तापमानही पाटीवर नसतं. उन्हाळ्यात भरलेली टाकी हिवाळ्यात डोंगरावर नेली की मेण धरतं, गाडी सुरू होते आणि दोन-तीन किलोमीटरवर दम तोडते. असं झालं तर स्टार्टर मारत बसू नये. फिल्टर कोमट करावा किंवा बदलावा, आणि हिवाळी डिझेल टाकीत मेण धरण्याआधीच मिसळलेलं असावं.

बायोडिझेलच्या ७ टक्क्यांना नावं ठेवण्याची फॅशन आहे. चालत्या गाडीत त्यांचा त्रास फारसा नाही. त्रास होतो तो उभ्या टाकीत: जनरेटर, वर्षातून दोन महिने चालणारी यंत्रं. बायोडिझेल पाणी धरून ठेवतं, तळाशी पाणी साचतं आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर जंतू वाढून काळपट बुळबुळीत थर धरतो. टाकी भरलेली ठेवा, वॉटर सेपरेटरचा खालचा स्क्रू दर महिन्याला सैल करून पाणी काढा, सहा महिन्यांच्या पुढे साठा ठेवू नका. ज्या गाड्या डीपीएफ तापवायला सिलिंडरमध्येच उशिरा डिझेल फवारतात, त्यांत न जळलेलं बायोडिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि उडून जात नाही. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइल बदला. नवं ऑइल कमी राखेचंच घ्या, कारण ऑइलमधल्या धातूंची राख डीपीएफमध्ये कायमची बसते आणि कितीही तापवली तरी जळत नाही.

या डिझेलचा जोडीदार म्हणजे डीईएफ, ३२.५ टक्के युरियाचं द्रावण. एससीआर, म्हणजे धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोडणारी यंत्रणा, त्यावर चालते. डिझेलच्या साधारण ३ ते ५ टक्के लागतं, उणे ११ अंशांना गोठतं. रिफ्रॅक्टोमीटरने तीव्रता कळते, शुद्धता नाही, आणि एससीआरचा घात अशुद्धताच करते. कॅल्शियमची मर्यादा किलोला अर्धा मिलिग्रॅम आहे. लिटरला ५० मिलिग्रॅम कॅल्शियम असलेलं नळाचं एक लिटर पाणी १०० लिटरमध्ये पडलं तरी ती जवळजवळ संपते. पितळी नरसाळं, जस्ताचा मुलामा दिलेली बादली वर्ज्य. ३० अंशांना साठा वर्षभर टिकतो, ३५ ला सहा महिने. डिझेलच्या टाकीत चुकून डीईएफ पडलं तर चावीही फिरवू नका. चावी फिरली की टाकीतला पंप ते ओढतो आणि मग युरियाचे खडे रेलपर्यंत जातात.

पुढच्या नियमांकडे पाहिलं तर गंधकाचा विषय जवळपास मिटलेला दिसतो. युरोपचा नवा प्रदूषण नियम, युरो ७, नव्या मॉडेलच्या मोटारींना नोव्हेंबर २०२६ च्या अखेरीपासून लागू होतोय. त्यात कणांची मोजणी २३ ऐवजी १० नॅनोमीटरपासून सुरू होते आणि ब्रेकच्या धुळीवरही बंधन येतं. त्या धुळीला कुठलंही डिझेल उपाय नाही. हायड्रोट्रीट केलेल्या वनस्पती तेलाचं एचव्हीओ ७० च्या वरचा सीटेन देतं, पण हलकं असल्याने लिटरमागे ऊर्जा थोडी कमी. उत्पादकाने त्याला मान्यता दिली असेल तरच भरावं.

जास्त गंधकाच्या प्रदेशात गाडी न्यावी लागली तर ऑइल अर्ध्या अंतरावर बदला आणि डीपीएफचा दिवा लागताच हायवेवर वीस मिनिटं सलग चालवा. परत आल्यावर १० पीपीएमवर दोन-चार वेळा नीट तापली की कॅटॅलिस्टची ताकद बरीचशी परत येते. ताफ्यासाठी घाऊक डिझेल घेणाऱ्यांनी प्रत्येक टँकरबरोबर बॅचचा चाचणी अहवाल मागावा. त्यात गंधक, सीटेन, वंगणाचा डाग, पाणी आणि बायोडिझेलचं प्रमाण हे पाच आकडे पाहावेत. उतरवण्याआधी प्रत्येक कप्प्यातून एक लिटर नमुना स्वच्छ धातूच्या डब्यात काढून, टँकरचा क्रमांक आणि तारीख घालून, चालकाच्या सहीने सील करावा. गाडी बिघडल्यावर टाकीतून काढलेला नमुना पुरवठादार मान्य करत नाहीत.